मानपत्र माझ्या लेकीनं वाचलं

गावानं माझा सत्कार करायचं ठरवलंय, हे मुख्याध्यापक गुरुजींनी मला सांगितलं तेव्हा मी मुलांच्या खिचडीची चव बघत होते. आमच्याकडे मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं एक घास खाऊन बघायचा असतो. तोंडात घास होता, म्हणून लगेच काही बोलता आलं नाही. गुरुजींना ते बरंच वाटलं असावं.

"महाराष्ट्र दिनाला. झेंडावंदन झालं, निकाल वाटले, की लगेच. सगळ्या गावाचा आग्रह आहे. नाही म्हणू नका, बाई."

"एकट्या माझा कशाला? शाळा आपण दोघांनी सांभाळली."

"माझी दोन वर्षं राहिलीत नोकरीची. माझा सत्कार निवृत्तीला होणारच आहे, आपोआप," गुरुजी हसून म्हणाले. "हा मिळवलेला आहे. घ्या."

मी घेतला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. त्या संध्याकाळी घाट उतरून नगरला येताना मी स्कूटरवर गुणगुणत होते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा पाथर्डी रस्त्यापासून आत एका वस्तीवर आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन शिक्षक. मी इथं बदलून आले तेव्हा पट इतका खाली गेला होता की शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत पाठवायची, असं बोललं जात होतं. निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. कुणी कोपरगावकडे, कुणी कोल्हारकडे, कुणी पार कर्नाटकात. उरलेल्यांपैकी ज्यांना जमेल त्यांची मुलं सकाळी फाट्यावर येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची.

गुरुजी आणि मी घरोघर फिरायला लागलो. ऊसतोडीला जाणाऱ्यांना सांगितलं की मूल आजीपाशी ठेवा, दुपारचं जेवण शाळेत आहे, संध्याकाळी उशिरापर्यंत मी अभ्यासाला बसवते. आजारी पडलं तर दवाखान्यात मी नेईन. दोन-तीनदा तसं नेलंही. आणि पिवळ्या गाडीवाल्यांना सांगायचं माझं एक ठरलेलं भाषण होतं. मूल ज्या भाषेत रडतं, हसतं, भांडतं, त्याच भाषेत ते नीट शिकतं. पाठ केलेली इंग्रजी गाणी म्हणजे शिक्षण नव्हे. आमच्या शाळेतलं मूल तिसरीत गोष्टीचं पुस्तक स्वतःचं स्वतः वाचतं की नाही, येऊन बघा. हे मी मनापासून बोलायचे. आजही मला यातलं एक वाक्य खोटं वाटत नाही.

हळूहळू मुलं आली. त्यात टेम्पोवाल्या भाऊंची मुलगी होती. हे भाऊ आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला टेम्पोत भरून पहाटे नगरच्या मार्केटला न्यायचे. वस्तीवर त्यांच्या शब्दाला मान होता. त्यांनी आपली मुलगी पिवळ्या गाडीतून उतरवून आमच्या दुसरीच्या वर्गात आणून बसवली, आणि त्यांच्यामागं आणखी चार घरांनी तेच केलं. ती मुलगी चौथीत गेली तोवर शाळेत सगळ्यांत चांगलं वाचणारी झाली होती. धडा मोठ्यानं वाचायला लागली की खिचडी करणाऱ्या मावशी हातातलं काम थांबवून दाराशी येऊन उभ्या राहायच्या.

माझी स्वतःची मुलगीही तेव्हा चौथीतच होती. नगरला, इंग्रजी शाळेत.

तिला तिथं घालायचं मी आणि नवऱ्यानं मिळून ठरवलं होतं. कुणावर ढकलत नाही. रोज सकाळी मी तिच्या दोन वेण्या घालायचे, टाय सरळ करायचे, तिला तिच्या शाळेच्या फाटकाशी सोडायचे आणि तसंच पुढं पाथर्डी रस्त्याला लागायचे. वस्तीवर मला कुणी कधीच विचारलं नाही की तुमची मुलगी कुठल्या शाळेत आहे. नगरला असते एवढंच त्यांना माहीत होतं, असं मी धरून चालले होते. मात्र कुणाच्या ओसरीवर माझं ते भाषण चालू असताना मध्येच कुणी "तुमचं लेकरू, मॅडम..." असं म्हणालं की माझं भाषण तिथंच थांबायचं. पुढं ते विचारायचे, "बरं हाय ना?" मी म्हणायचे, बरं आहे.

सत्काराला मुलीला न्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण नवऱ्याची एमआयडीसीत पहिली पाळी होती, तिला सुट्टी लागलेली, आणि तीच मागं लागली. "मम्मी, तुला प्राइझ मिळणार आहे ना? मला बघायचंय." मलाही वाटलं, बघू दे. रोज आई कुठं जाते, काय करते, ते तिलाही कळू दे. तिला तिचा वाढदिवसाचा फ्रॉक घातला.

त्या दिवशी वस्ती गजबजलेली होती. ऊसतोडीचे लोक नुकतेच परतले होते. मैदानावर हिरव्या शेडनेटचा मांडव घातला होता, शाळेच्या पायऱ्यांवर मोठी रांगोळी होती. झेंडावंदन झालं. मुलांना प्रगतिपुस्तकं वाटली; टेम्पोवाल्या भाऊंच्या मुलीला शाळेत पहिली म्हणून मीच पुढं बोलावून उभं केलं. मग मला फेटा बांधायला घेतला. बांधणारा माणूस मला सारखा म्हणत होता, "मॅडम, मान हलवू नका." बायकांनी ओवाळलं. एक बाई ओवाळून झाल्यावर बाजूला व्हायची सोडून माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. आदल्याच आठवड्यात कोयता खाली ठेवून आली होती. तळहात खरवडून निघालेले. "माजं लेकरू तुमी संबाळलं," एवढंच म्हणाली. मीही ते हात सोडले नाहीत. तेवढा वेळ मला वाटलं की हा फेटा माझ्या डोक्यावर शोभतोय.

मग शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष माईकपाशी गेले. साधे शेतकरी गृहस्थ, पण माईक हातात आला की खुलायचे.

"आता मानपत्राचं वाचन. गुरुजी वाचनार हुते. पन आमी एक आयत्या वक्ताला ठरवलंय. आपल्या मॅडमची लेक आज आपल्यात आलीया. आईचं मानपत्र लेकीनंच वाचावं, काय म्हन्ता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि तिला वाटलं की मी हसतेय, कारण फेटा बांधल्यापासून मी हसतच होते. ती उठली.

गुरुजींचं मराठी जुन्या वळणाचं. मानपत्र त्यांनीच लिहिलं होतं, मोठ्या चौकटीत, सुंदर अक्षरात. ते धरायला टेम्पोवाल्या भाऊंच्या मुलीला उभं केलं होतं, कारण चौकट जड होती. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, जवळजवळ एकाच उंचीच्या. अध्यक्षांनी माईक खाली वाकवला.

पहिली ओळ तिनं बरी वाचली. आमच्या लाडक्या बाई, असं काहीतरी होतं. दुसऱ्या ओळीत 'ज्ञानयज्ञ' आला. ती थांबली. "द... द्न्या..." म्हणाली. पुन्हा सुरुवातीपासून वाक्य घेतलं, पुन्हा तिथंच थांबली. माईकमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मांडव एकदम शांत झाला.

तिच्या शाळेत मराठी हा विषय आहे. आठवड्यात ठरलेले तास आहेत. वहीत प्रश्नोत्तरं लिहून देतात, ती पाठ करते, तिला मार्क चांगले मिळतात. मी शिक्षिका आहे, मला कळत नव्हतं असं नाही. घरी आल्यावर मी थकलेली असायचे. तिचा इंग्रजीचा आणि गणिताचा अभ्यास घ्यायचे. मराठी काय, घरात बोलतोच, येईल आपोआप, असं म्हणून ते रोज मागं पडायचं.

"ज्ञानयज्ञ," शेजारची मुलगी हळूच म्हणाली. ओठ न हलवता, माझ्या मुलीकडं न बघता. माझी मुलगी तिच्यामागून म्हणाली, "ज्ञानयज्ञ." पुढं 'अविश्रांत' आलं. पुन्हा तसंच. 'निःस्वार्थ' आलं, 'कर्तव्यनिष्ठा' आलं. शेवटी शेवटी तर ती मुलगी आधी कुजबुजायची आणि माझी मुलगी तिच्यामागं बोलायची, एक एक शब्द. आणि माईक दोघींच्या मध्ये असल्यानं ती कुजबूजसुद्धा मांडवभर ऐकू येत होती.

वर्गात मीच शिकवलं होतं. कुणी वाचताना अडलं तर हसायचं नाही, शेजारच्यानं हळूच सांगायचं. माझ्या वर्गातलं मूल माझ्या मुलीला वाचून दाखवत होतं की मी किती चांगली शिक्षिका आहे.

मला उठावंसं वाटत होतं. उठून, लेकरू घाबरलंय म्हणून मानपत्र गुरुजींच्या हातात द्यावं. पण उठले असते तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. मी मांडीवरच्या नारळाकडं बघत राहिले. फेट्याखाली कपाळातून घाम गळत होता.

वाचन संपलं. मघापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "भ्यालं गं लेकरू. गुनाचं हाय." अध्यक्षांनी माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये म्हणाले, "इंग्रजी शाळंत शिकनाऱ्या लेकराला मराठी जड जानारच. पन मागं हाटली का? न्हाई हाटली! मॅडमची लेक हाय!"

इंग्रजी शाळा. माईकवरून, सगळ्या वस्तीसमोर. मी वर बघितलं. ज्यांच्या ओसरीवर बसून मी ते भाषण दिलं होतं, ते सगळे समोर होते. मी एकेका चेहऱ्यावर शोधत होते: राग, आश्चर्य, निदान एखादं कुत्सित हसू. काहीच नव्हतं. लोक कौतुकानं बघत होते. टेम्पोवाले भाऊ तर दोन्ही हात डोक्याच्या वर करून टाळ्या वाजवत होते.

सत्काराला उत्तर म्हणून मी बरंच काही ठरवून गेले होते. मातृभाषेबद्दल दोन-चार चांगली वाक्यं तयार होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. गावाचे आभार, गुरुजींचे आभार, एवढं बोलून मी बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं.

परतताना घाटाच्या अलीकडं मी रसवंतीपाशी स्कूटर थांबवली. मुलगी रसाचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसली.

"ती मुलगी कितवीत आहे?" तिनं विचारलं.

"चौथी झाली. तुझ्यासारखीच."

"तिला तू शिकवलंस?"

"हो."

तिनं ग्लासातला फेस बोटानं बाजूला केला. मग म्हणाली, "मम्मी, ते लोक मला हसले का?"

"नाही गं. कुणीच हसलं नाही."

"मग टाळ्या कशाला वाजवल्या? मला तर आलं नाही ना वाचता."

मी पदरानं तिचं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं. तिनं माझा हात बाजूला केला. पाथर्डी रस्त्यावरून गाड्या जात राहिल्या. आम्ही दोघी रस संपवून निघालो. ती माझ्या पाठीला टेकून बसते नेहमी. त्या दिवशी मागचा दांडा धरून बसली.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लहान आहे ती. एवढं काय मनाला लावून घ्यायचं? त्या लोकांना तर चाललं ना?" त्यांना चाललं हेच तर मला उमगत नव्हतं. चिडायला हवे होते ते लोक. मी त्यांच्या जागी असते तर चिडले असते.

आठ-दहा दिवसांनी सकाळी आमच्या सोसायटीच्या दाराशी टेम्पो येऊन थांबला. भाऊ मार्केटवरून मोकळे होऊन आले होते. बरोबर बायको आणि मुलगी, आणि पिशवीभर कैऱ्या. मी पाणी दिलं, चहा टाकला. भाऊंची बायको सोफ्याच्या कडेवर बसली, मुलगी तिच्या पदराशी. माझी मुलगी आतून डोकावली, त्या मुलीला बघून क्षणभर थांबली, आणि मग मला वाटलं त्याच्या उलट, तिला हाताला धरून आत घेऊन गेली. आतून थोड्याच वेळात दोघींच्या खिदळण्याचा आवाज यायला लागला.

भाऊ चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "मॅडम, एक काम हुतं. पोरीची चौथी झाली. आता पाचवीला कुठंतरी घालावीच लागनार. तर मी म्हनलं, तुमच्या लेकीच्या शाळंत जमंल का? तुमी शब्द टाकला तर घेत्याल. माजी बहीन हितं केडगावला ऱ्हाती, तिच्याकडं ठेवीन पोरीला."

मला वाटलं, हा टोमणा आहे. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा नव्हता. माणूस खरोखर कामासाठी आला होता.

"भाऊ," मी म्हणाले, "माझी मुलगी इंग्रजी शाळेत आहे हे तुम्हाला त्या दिवशी कळलं ना?"

"त्या दिशी कशाला? आमाला पयल्यापासून ठावं हाय. मी रोज नगरात असतो न्हवं. पोरीला टाय बांधून शाळंला सोडताना तुमाला कितींदा बघितलंय मी. सगळ्या वस्तीला ठावं हाय."

"मग तुम्ही मला कधी विचारलं नाहीत? मी तुमच्या दारात येऊन सांगत होते की इंग्रजी शाळेतून मुलगी काढा..."

"त्यात काय इचारायचं?" भाऊ मोकळेपणी म्हणाले. "तुमी नोकरीवाली मानसं. तुमची पोरं तितंच जानार. तुमचं येगळं, आमचं येगळं."

"मग माझं ऐकून मुलीला का आणलंत?"

भाऊ आणि त्यांची बायको एकमेकांकडं बघून हसले. बायकोच बोलली. "ती गाडीत उलट्या करायची वो, मॅडम. रोज. पार गळून जायची. तुमी आल्या आन् म्हनलं, चला, बरं झालं, शाळा तर जवळच हाय."

मीही हसले. हसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. इतकी वर्षं मला भीती होती ती उघडकीला येण्याची, आणि इथं उघडं पडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझं बोलणं वेगळं आणि वागणं वेगळं, हे त्यांना दिसत होतं, आणि त्यांनी ते पावसापाण्यासारखं गृहीत धरलं होतं. नोकरीवाल्यांचं असंच असतं. माझं भाषण त्यांनी ऐकून घेतलं होतं, चहा पाजला होता आणि मी गेल्यावर स्वतःच्या सोयीचं ठरवलं होतं. 'तुमचं येगळं, आमचं येगळं' हे वाक्य त्यांनी कुठल्याही कडवटपणाशिवाय म्हटलं, आणि मला ते आजही झोपेत आठवतं. कडवटपणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

"भाऊ, खरं सांगू का?" मी म्हणाले. "तुमची मुलगी माझ्या मुलीपेक्षा चांगलं शिकलीये. तुम्ही स्वतः बघितलंत त्या दिवशी. इथं फार काही वेगळं शिकवतात असं नाही."

"मंग तुमी का ठिवली हितं?"

खूप उत्तरं देता आली असती. नवऱ्याची नोकरी, माझं जाणं-येणं, जवळ दुसरी शाळा नाही. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"भीती वाटते," मी म्हणाले. "सगळ्यांची मुलं जातात. आपलीच मागं राहिली तर?"

"बघा," भाऊ म्हणाले, "मंग आमाला काय भ्या वाटत न्हाई का?"

मी विचारून बघते म्हणाले. शब्द दिला होता म्हणून दुसऱ्या दिवशी मुलीच्या शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई मला ओळखत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की जागा आहे, पण मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेतली आहे, इंग्रजी माध्यमाचा सराव नाही, म्हणून पाचवीत घेता येणार नाही. तिसरीत बसवावं लागेल. "शी विल कोप, मॅम. जमेल तिला, लहानच आहे ना," असं त्या समजुतीनं म्हणाल्या. मी कोणत्या शाळेत शिकवते हे त्यांना माहीत होतं. बोलण्याच्या ओघात विसरल्या असतील. मी त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. ती माझी विद्यार्थिनी आहे, तिला मी शिकवलंय, ती तिसरीची नाही, असं तिथं टेबलावर हात ठेवून म्हणायला हवं होतं. मी "थँक यू" म्हणून बाहेर आले. बाहेर भिंतीवर त्या शाळेच्या गुणवंत मुलांचे फोटो लावले होते. त्यात खालच्या रांगेत माझी मुलगी आहे.

हे सांगायला मी वस्तीवर भाऊंच्या घरी गेले. वाटलं होतं, फक्त मोठ्यांशी बोलावं, पण ती मुलगी तिथंच कांदे निवडत बसली होती आणि भाऊंनी तिच्यासमोरच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तिसरीत बसवायचं म्हणतात, हे सांगताना मला तिच्याकडं बघवेना. मीच तिला पंधरा दिवसांपूर्वी सगळ्या गावासमोर शाळेत पहिली म्हणून उभं केलं होतं.

भाऊंनी विचार केला. "चालंल की," ते म्हणाले. "दोन वर्सं गेली तर गेली. इंग्रजी तर यील."

"मी तिसरीत न्हाई बसनार," मुलगी म्हणाली. हातातला कांदा टोपलीत टाकला. "माजी तिसरी झालीया. चौथी बी झालीया."

"आगं, तितली तिसरी येगळी."

"येगळी आसू द्या. मला समदं येतंय. बाईंना इचारा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिची आई, भाऊ, आणि ती.

"तिला सगळं येतं," मी म्हणाले. "मी शिकवलंय. तिला पाचवीतच घाला, भाऊ. मोठ्या गावच्या हायस्कुलात. मराठी माध्यमात. इंग्रजी मी तिला सुट्टीच्या दिवशी शिकवीन, पण तिला खाली बसवू नका."

जे त्या ऑफिसात बोलायला हवं होतं ते मी तिथं, त्यांच्या ओसरीत बोलत होते, जिथं कुणाशी भांडायचं नव्हतं. हेही मला बोलताना कळत होतं. जूनमध्ये भाऊ दाखला न्यायला आले तेव्हा त्यांनी त्याच हायस्कुलाचं नाव सांगितलं. तिचा दाखला मीच लिहिला. ती आता सायकलवर जाते, आणि रविवारी सकाळी भाऊंच्या टेम्पोतून आमच्या घरी येते. माझी मुलगीही तेव्हा शेजारी बसते. दोघींना मी एकच गोष्ट दोन्ही भाषांत वाचायला लावते. माझ्या मुलीचं मराठी अजून अडखळतंच. एवढ्यात सुधारेल असं नाही.

त्याच जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी गुरुजी आणि मी नेहमीप्रमाणे पहिलीची मुलं गोळा करायला निघालो. पहिल्याच घरी मी बोलायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की ते जुनं भाषण आता माझ्यानं होणार नाही. ओसरीवर एक तरुण बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. मी म्हणाले, "आधी एक सांगते. माझी स्वतःची मुलगी नगरला इंग्रजी शाळेत आहे. तुम्हाला माहीत असेलच. ते लक्षात ठेवून मग माझं बोलणं ऐका."

गुरुजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

त्या बाईनं विचारलं, "मंग तुमी हितं का न्हाई आनली तिला? चौथीपतूर?"

इतक्या वर्षांत वस्तीवरच्या ओसरीवर हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी सरळ विचारला होता. मी म्हणाले, "माझी हिंमत झाली नाही."

तिनं मूल कडेवर घेतलं. मग "मालकाला इचारते" म्हणून आत गेली. तिचं मूल आमच्याकडं आलं नाही. रस्त्यात गुरुजी म्हणाले, "बाई, हे सांगायची काय गरज होती?" आणि पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना शाळा वाचवायची होती, आणि एक मूल म्हणजे आमच्याकडं खूप असतं.

तरी पुढच्या घरांतही मी तेच सांगितलं. काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एका ऊसतोडीवाल्या बाईला मी सांगत होते तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. माझं बोलून झालं तरी तिनं भाकरी उलटेपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "तुमच्या लेकीचं तुमी बघा, बाई. माजीला लिव्हाय-वाचाय यील का, तेवडं सांगा."

"येईल," मी म्हणाले.

"मंग ठिवते."

शाळा उघडली त्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. मुलगी आईचा पदर सोडायला तयार नव्हती. आईनं तिची बोटं एकेक करून सोडवली, तिला माझ्यापुढं उभं केलं आणि मागं न बघता निघून गेली. मुलगी रडायला लागली. मी खाली बसले, तिला मांडीवर घेतलं, आणि वर्गातली बाकीची मुलं आमच्याभोवती जमली.